एकशे एकतीस वजा त्रेपन्न

सदाशिव पेठ, १२ जानेवारी

चि. तनयास आईचे अनेक आशीर्वाद.

थायरॉइडच्या ऑपरेशनपासून आवाज बसलाय आणि मोबाईलवर टाइप करताना माझं डोकं फिरतं, म्हणून जावईबापूंच्या हाती हे पत्र. आयोडीनचा डोस झाला. तू घाबरली आहेस म्हणे. अगं, हे मिठातल्या आयोडीनचंच भावंड! प्रोटॉन दोघांतही त्रेपन्न. मिठातल्यात न्यूट्रॉन चौऱ्याहत्तर, यात चार जास्त. त्या चारांपायी ते किरण फेकतं. पण प्रोटॉन सारखे, म्हणून थायरॉइडच्या पेशींना फरक कळत नाही. फुप्फुसात पसरलेल्या गाठीही थायरॉइडच्याच पेशींच्या, त्या ते नेहमीचं समजून गिळतील आणि त्यातच संपतील. तोवर माझ्या अंगातूनही किरण निघणार, तेव्हा ऋचाला घेऊन इकडे फिरकू नकोस. नातीला मांडीवर घ्यायला जीव तुटतो गं.

या आयोडीन-१३१ मध्ये प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून १३१, तर न्यूट्रॉन किती, सांग बरं? नववीत वजाबाकी विसरून सरळ १३१ लिहून आली होतीस!

तुझी आई

वारजे, १७ जानेवारी

ती. आईस तनयाचा सा. नमस्कार.

अठ्ठ्याहत्तर! झालं समाधान? बाबांनी फोनवर स्कॅनचा रिपोर्ट वाचून दाखवला, आयोडीन कुठेच साठलेलं नाही. आई, म्हणजे गाठी गेल्याच की! मी स्वयंपाकघरातच रडले. सोसायटीत पेढे वाटले, वरच्या खडूस काकूंनासुद्धा. बाबांनी मात्र वाचून होताच फोन ठेवला, त्यांचं नेहमीचंच. ऋचाचे पाय आता मोज्यांत मावत नाहीत. कधी येऊ, तेवढं कळव.

वजाबाकी जमलेली, तुझी तनया

सदाशिव पेठ, १९ जानेवारी

चि. तनयास अनेक आशीर्वाद.

बाळा, पुन्हा वजाबाकी विसरलीस. आयोडीन साठलं नाही आणि गाठी सीटी स्कॅनमध्ये होत्या तिथेच आहेत. म्हणजे त्यांनी ते घेतलंच नाही. डॉक्टर म्हणाले, कधीकधी पेशी इतक्या बिघडतात की आयोडीन ओळखेनाशा होतात. दुसऱ्या गोळ्यांनी वाढ थोपवू म्हणाले; बरं होण्याचं नाव काही काढलं नाही. प्रोटॉन सारखे तर वागणं सारखं, असं जन्मभर मुलींना शिकवलं. माझ्याच गाठींनी ऐकलं नाही. काल खूप रडले. आवाज नाही, त्यामुळे तुझ्या बाबांना कळलंसुद्धा उशिरा.

पेढे वाटलेस ते वाटलेस. आता खुलासे करत फिरू नकोस, खडूस काकूंकडे तर मुळीच नको.

नातीला कधी घेऊ, असं मी पाटीवर लिहून विचारलं. डॉक्टर म्हणाले, औषध अंगात राहिलंच नाही, सगळं वाहून गेलं, हवं तेव्हा घ्या. तर ये, राणी. ऋचाला मोजे घालू नकोस, मला तिची पावलं बघायची आहेत. आता माझ्यापासून कुणालाच धोका नाही.

माया तेवढी साठून आहे, ती घेऊन जा.

आई