शपथविधीला नेसलेली पांढरी साडी

बाबा, आज आम्ही पाच बायकांनी मिळून इथल्या सिटी हॉलमध्ये एका म्हाताऱ्या बाईला किंचाळायला लावलं, आणि शपथविधी अर्ध्यावर थांबला. गाडी पार्किंगमध्येच उभी आहे आणि टेक्सासमधल्या या शुगर लँड गावाची ती ओली, चिकट उष्णता काचांवर बसलीय. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. तरी असं काही घडलं की आधी तुम्हालाच सांगावंसं वाटतं, त्याला मी काय करू?

शपथ घेणारी माझी मैत्रीण. आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून राहते. मूळची व्हिएतनामची. लहान असताना आईवडिलांबरोबर मासेमारीच्या बोटीतून देश सोडला. वाटेत वडील तापानं गेले आणि त्यांना समुद्रात सोडावं लागलं. एवढंच ती सांगते, पुढचं सांगत नाही. मग निर्वासितांची छावणी, मग टेक्सासचा किनारा. आई कोळंबी सोलायच्या कारखान्यात, आणि ही पोर अख्ख्या बिल्डिंगची दुभाषी. कुणाला दवाखान्यात ने, कुणाला विजेचं बिल समजावून सांग, कुणाच्या मुलाच्या शाळेत जाऊन बस. "पब्लिक सर्व्हिस तेव्हाच सुरू झाली, फक्त माइक नव्हता," असं ती हसत म्हणते. पुढे फार्मसिस्ट झाली. मग त्या मोठ्या वादळात आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी साचलं, आणि ती नाल्यासाठी सिटी कौन्सिलच्या मीटिंगांना जाऊन बोलायला लागली. नागरिकाला बोलायला तीन मिनिटं मिळतात. ती वर्षानुवर्षं तीन-तीन मिनिटं बोलत राहिली. शेवटी लोकच म्हणाले, तूच उभी राहा. पहिल्यांदा पडली, यंदा निवडून आली.

प्रचारात मी तिच्याबरोबर दारोदार फिरले. का, ते तुम्हाला कळेल. एकदा तिच्या स्वयंपाकघरात जेवत होतो, तेवढ्यात फोन वाजला. कुणा म्हाताऱ्याच्या घरासमोरचं गटार तुंबलं होतं. हातातल्या चॉपस्टिक्स टाकून ती उठली, आणि मला आपलं नागपूरचं स्वयंपाकघर दिसलं. तुम्ही महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात कारकून, मी अकरावीत. दारात वस्तीतली एक बाई उभी आहे, आणि मी तिला सांगतेय, बाबा जेवताहेत, उद्या या. तुम्ही उष्ट्या हातानंच उठून येता, तिचं सगळं ऐकून घेता, आणि ती गेल्यावर मला म्हणता, "नळ कोरडा आहे म्हणून आली ती. तिच्या घरी चूल तरी पेटली असेल का? माझं जेवण थांबेल. तिला थांबवायचं नाही." तुमचा भात गार झाला होता, आणि मी दोन दिवस फुगून बसले होते.

ही गोष्ट मी मैत्रिणीला सांगितलीय. तेव्हापासून ती अधूनमधून विचारते, "हाउज युअर डॅड?" मी म्हणते, बरे आहेत, नागपूरला असतात.

तर आजचं. ती म्हणाली होती, "तुझ्या लोकांना घेऊन ये, सणाला नटता तसं नटून या." आपला सण म्हणजे पांढरं. विहारात पांढरं, वंदनेला पांढरं, लग्नातसुद्धा पांढरंच. दुसरा विचार कुणाच्या डोक्यात येणार? मी तुम्ही घेतलेली साडी नेसले, निळ्या काठाची, मी इकडे निघाले तेव्हा तुम्ही स्वतःच्या हातानं बॅगेत ठेवलेली. हॉलमध्ये ज्योत चालत नाही म्हणून मेणबत्त्या बॅटरीवरच्या घेतल्या. तेवढी अक्कल चालवली. आत शिरलो तर एसीनं दात वाजायला लागले. "अगं बाई, हॉल आहे का फ्रीज हा!" असं म्हणत आमच्यातल्या पुण्याच्या काकूंनी पदर डोक्यावरून घेतला. मग आम्ही सगळ्यांनीच घेतला, पार कान झाकेपर्यंत. आणि तशाच, हातात मेणबत्त्या धरून, ओळीनं पुढे चालत गेलो.

मैत्रीण व्यासपीठावर उजवा हात वर करून उभी होती. शपथ सुरू झाली होती. पहिल्या रांगेतली तिची आई, ऐंशी पार केलेली, सहज मागे वळली आणि आम्हाला बघून किंचाळली. बाबा, तसा आवाज मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मग ती ऊर बडवून रडायला लागली. एक पोलीस धावत आला. मला वाटलं, हार्ट अटॅक. आणि मैत्रीण हात खाली घेऊन, शपथ तशीच टाकून, खाली उतरली आणि आईपुढे गुडघ्यांवर बसली.

थोड्या वेळानं तिनं माझ्याकडे पाहिलं. "आमच्यात डोक्यावर पांढरं फक्त घरचं माणूस गेल्यावर घेतात," ती म्हणाली. "मॉमला वाटलं, फ्युनरल आहे." धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. तिची इतक्या वर्षांची मेहनत, आणि तिच्या शपथेला मी मयताला आल्यासारखी आले! "सॉरी, सॉरी, आम्ही बाहेर जातो," म्हणत मी पदर खाली ओढायला लागले, तर म्हातारीनं तो घट्ट धरून ठेवला. काहीतरी बोलत होती, पुन्हापुन्हा तेच. जन्मभर लोकांचं बोलणं एकमेकांना सांगत आलेली माझी मैत्रीण आईचं एवढंसं बोलणं सांगताना दोनदा अडखळली. शेवटी कसंबसं म्हणाली, "बोटीत पांढरं कापड नव्हतं. डॅडसाठी कुणीच ते बांधलं नाही. ती म्हणतेय, इतक्या वर्षांनी कुणीतरी आलं. काढू नका."

म्हातारीला त्यांच्यात दुखवट्याला कपाळाला बांधतात तशी पांढरी पट्टी हवी होती. शपथ देणाऱ्या क्लार्क बाईंनी काही न विचारता टेबलाच्या ड्रॉवरमधून कात्री आणून दिली. मी तुमची साडी कापली, बाबा. पदराकडूनच. एक पट्टी आईला, एक लेकीला. मग म्हातारीनं माझ्याकडे बोट करून लेकीला काहीतरी विचारलं. मैत्रिणीनं परस्पर उत्तर दिलं, आणि मलाही सांगितलं, "तुझं कोणी गेलंय का, विचारतेय. मी म्हटलं, तिचे डॅड आहेत, इंडियात."

"नाहीत," मी म्हणाले.

ती म्हणाली, "बट यू सेड..." हो, म्हणाले होते. दर वेळी म्हणाले होते. तुम्ही गेलात तेव्हा मला नववा महिना होता, विमानात कुणी घेतलं नसतं. दादानं फोनवर सांगितलं, मी ऐकलं, फोन ठेवला आणि गॅसवरची भाजी परतायला लागले. त्यानंतर कुणी विचारलं की तोंडातून आपोआप निघायचं, नागपूरला असतात. कुणाला फसवायचं म्हणून नाही. दुसरं वाक्य तोंडात यायचंच नाही.

म्हातारीनं तिसरी पट्टी मागून घेतली आणि माझ्या कपाळाला बांधली. गाठ जरा घट्टच बसलीय. मग मैत्रीण पट्टीसकट वर गेली, हात वर केला आणि पहिल्या शब्दापासून शपथ पुन्हा घेतली. मेयर, पोलीस, सगळे उभे राहिले होते. मला त्यातला एक शब्द ऐकू आला नाही. मी इतक्या जोरात रडत होते की काकूंनी मला बाहेर आणलं.

पट्टी अजून काढलेली नाही. आता घरी जायला हवं. हे पत्र पाठवायचं तरी कुठे, तुमचा पत्ता इतकी वर्षं मीच सगळ्यांना चुकीचा सांगत आले. बाबा, तुम्ही नागपूरला नाही.