राणीच्या मुद्रेवरील त्यागभाव

३ मार्च
अखेर संग्रहालयाला माझी किंमत कळली. गाइडचं काम आहेच, शिवाय येत्या रविवारी व्याख्यान. चित्र : दालन चारमधलं जुनं तैलचित्र. राजा मोहिमेवर निघालाय, राणी त्याचं शिरस्त्राण धरून दारात उभी. विषय : ‘राणीच्या मुद्रेवरील त्यागभाव’. चेहरे वाचण्यात माझा हात कोणी धरू शकणार नाही.
बायको महिनाभर तिच्या भावाकडे आहे. चेंज हवा म्हणाली. निघताना चेहऱ्यावर विरह स्पष्ट दिसत होता. व्याख्यान ऐकलं की येईलच घरी.

५ मार्च
संकल्प : रोज दोन तास चित्राचं निरीक्षण. आज दहा मिनिटं झालं. बाक फार कडक. तरी बरंच हाती लागलं. मिटलेले ओठ म्हणजे संयम. खाली नजर म्हणजे आदर. राजा ढालीत स्वतःला न्याहाळतोय, हे आत्मपरीक्षण.
क्युरेटर मॅडम म्हणाल्या, चित्रात राणीकडे कोणीच बघत नाहीये, त्यावरही बोला. बायकांना कशातही तक्रार दिसते.

६ मार्च
बायकोला फोनवर अख्खं व्याख्यान वाचून दाखवलं. मध्ये चकार शब्द नाही. भारावली असणार. शेवटी मेव्हणा बोलला. ती केव्हाच बाजारात गेली होती, फोन ओट्यावर होता. असो. मेव्हण्याचं प्रबोधन झालं.

७ मार्च
निरीक्षण रद्द. आता सराव. आरशासमोर उभा होतो तेव्हा बायको येऊन गेली. दोन मोठ्या बॅगा भरून नेल्या. मदतीला जाणारच होतो, पण नेमका त्यागाच्या परिच्छेदावर आलो होतो. कपाटात आता ऐसपैस जागा झालीय. आल्यावर नीट लावेल.

९ मार्च, रविवार
व्याख्यान झालं. वीसेक लोक, त्यातले निम्मे पंख्यासाठी. बायको शेवटच्या रांगेत होती! संपल्यावर चित्रासमोर एकटीच उभी राहिली. मी जवळ जाऊन विचारलं, पटला ना त्यागभाव?
“ती वाट बघतेय,” ती म्हणाली. “हे एकदाचे जावेत आणि आपण दार लावून घ्यावं.” मग आवाज न चढवता म्हणाली, “मी परत येणार नाहीये. आज तेवढंच सांगायला आले होते.”
आणि गेली.
घरी आल्यापासून आठवतोय, हे बोलताना तिच्या चेहऱ्यावर काय होतं. राग? रडू? काही म्हणजे काही आठवत नाही. मी तेव्हा तिच्या खांद्यावरून क्युरेटर मॅडमकडे बघत होतो. व्याख्यान आवडलं की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावर शोधत होतो.