शेजारी मालक बसेल होता

गोडादरा, सुरत
शनिवार, ता. ८ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुषमाताई,

धाकट्या रंजनाचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे? साखर कारखान्याच्या कँटीनमध्ये दिवसभर उभी राहू नकोस असं सांगणारी मी कोण, पण सांगते. एखादं स्टूल ठेव ना वं जवळ.

फोन सोडून ही कागद कशाला काळे करतेय, असं म्हणशील. माझा फोन जरा बिघडलाय. शिवाय फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? पत्रात मध्ये तोंड घालता येणार नाही तुला, म्हणून आज मी पोटभर बोलून घेणार आहे.

बातमी अशी की माझ्या पल्लवीचं लग्न जमलं. मुलगा चेतन. त्याचे वडील शालिग्रामदादा, आपल्याच समाजाचे, मूळ अमळनेरकडचे. इथेच पर्वत पाटिया भागात त्यांचं साड्यांचं दुकान आहे आणि आमच्या यांच्या कारखान्यातल्या स्टोन लावलेल्या साड्या सगळ्या त्यांच्याकडेच जातात. येत्या गुरुवारी साखरपुडा आहे. स्थळ चांगलं आहे, सगळे तसंच म्हणतात.

पण तुला आधी नाटकाचं सांगते. गेल्या रविवारी समाजाच्या वाडीत नाटक झालं, आपल्याकडची लग्नं लागतात त्याच स्टेजवर. शेक्सपियर म्हणून कोणी इंग्रज होऊन गेला, त्याचं जुनं नाटक, पण बसवलं होतं आजचं आणि सगळं आपल्या अहिराणीत. बसवणारी प्रज्ञा, आमच्या मागच्या गल्लीतल्या अंजनाबाईंची नात, कॉलेजात शिकवते. व्याही येणार म्हणून यांनी पुढच्या खुर्च्या धरल्या. मी यांच्या शेजारी, पलीकडे पल्लवी, तिच्या पलीकडे चेतन.

गोष्ट सोपी होती. कापडाच्या लूमवाल्या शेठला दोन मुली. मोठीची जीभ अशी तिखट की तिला बघायला आलेले दारातूनच परत जातात. (हसू नकोस. मला तू ‘लवंगी’ म्हणायचीस ते आठवलंच मला.) मोठीचं झाल्याशिवाय धाकटीचं करता येत नाही. मग एक जण बुलेटवर बसून येतो, म्हणतो, हिला मी सरळ करतो, हुंडा तेवढा चांगला द्या. बाप खूश. लग्न लावून तो तिला घेऊन जातो. आणि मारत नाही बरं का! हात लावत नाही. ताट आलं की म्हणतो, हे गार आहे, माझ्या बायकोला असलं नको, आणि ताट उचलून फेकतो. ती झोपायला लागली की म्हणतो, गादी टोचेल तुला, आणि गादी काढून घेतो. फोन मागितला की म्हणतो, तुझ्या डोळ्यांना त्रास होतो, माझ्या खिशात राहू दे. सगळं प्रेमाने!

वाडी नुसती फुटत होती हसून. पहिलं ताट फेकलं तेव्हा मागून शिट्टी आली. दुसऱ्या ताटाला पोरं ओरडली, ‘‘आजून एक! आजून एक!’’ एक बाई पदर तोंडात कोंबून हसत होती. आणि फोनच्या वाक्याला यांनी मला कोपराने ढोसलं आणि खूप हसले.

ताई, माझा फोन बिघडलेला नाही. तो यांच्या खिशात असतो. पोळ्या करताना माझं लक्ष लागत नाही म्हणून, दिवाळीच्या आधीपासून. मला काही वाटत नाही असं मी स्वतःला सांगत होते, आणि तेच वाक्य स्टेजवर ऐकलं तर मी आधी यांच्या खिशाकडे बघितलं. आणि मी हसले. खोटं कशाला सांगू, चांगली खदखदून हसले.

मग तो चंद्राचा भाग आला. दोघं भर दुपारी रस्त्याने चाललेत. नवरा वर बोट करून विचारतो, ‘‘हाऊ काय शे?’’ ती म्हणते, सूर्य. तो म्हणतो, चांद शे, नाहीतर परत घरी चल. उपाशीच ती, माहेराला निघालेली. शेवटी म्हणते, ‘‘चांद शे. तू म्हणशी तो चांद शे.’’ लगेच तो म्हणतो, येडी का तू, सूर्य शे ना! ती म्हणते, सूर्य शे. वाडीत अशा टाळ्या पडल्या की पुढचं ऐकूच आलं नाही.

शेवटी ती सगळ्या बायांना भाषण देते, नवरा कसा देव, त्याचं कसं ऐकावं. त्या मुलीने ते इतकं सपाट म्हटलं ना ताई, रेशन दुकानावर नंबर सांगतात तसं. मग खाली बसली आणि आपला पंजा जमिनीवर ठेवला. त्याने त्यावर बूट ठेवला. दिवा तसाच ठेवला होता प्रज्ञाने, कितीतरी वेळ. तिला वाटलं असेल, आता लोक गप्प होतील. माय वं! लोक खुर्च्यांवर उभे राहिले. इथे गुजराती डायऱ्याच्या मैफलीत गाणाऱ्यावर उधळतात तशा नोटा उधळल्या. पहिले शालिग्रामदादा उठले, मग हे. त्या मुलीचा हात बुटाखाली आणि केसांवर दहाच्या नोटा. ती हलली नाही.

प्रज्ञा माईक घेऊन बाहेर आली. चेहरा उतरलेला. म्हणाली, ‘‘मला एवढंच सांगा, तुम्ही हसलात का?’’ कोणाला समजेना की ही विचारतेय की रागावतेय. एक जण म्हणाला, पैसे वसूल झाले, म्हणून! दुसरा म्हणाला, ताई, घरोघरची गोष्ट, हसू येणारच. तेवढ्यात तिची आजी, अंजनाबाई, ऐंशीची म्हातारी, काठी टेकत उठली. म्हणाली, ‘‘मी हसली, कारण शेजारी मालक बसेल होता.’’

यावर तर सगळ्यांत मोठा हशा झाला. शेजारी बसलेले तिचे मालक नागनाथबाबा स्वतः पोट धरून हसले. बाया हसल्या, मीही हसले. म्हातारी मात्र हसली नाही. ती खाली बसली आणि चप्पल शोधायला लागली.

तेव्हापासून बघ, सगळ्या गोडादऱ्यात ‘चांद शे’ चाललंय. भाजीची लारी ढकलत येणारा शिळ्या मेथीला ताजी म्हणतो आणि वर म्हणतो, चांद शे म्हणा, भाभी. कारखान्यातले कारागीर एकमेकांना तेच. आमच्या घरात तर उठता-बसता. चहात साखर कमी म्हणून मी टाकायला गेले तर हे म्हणाले, गोड शे. मी म्हटलं, गोड शे. पाहुण्यांसमोर म्हणायला लावतात. लोक म्हणतात, किती हौशी जोडपं! माझं तोंड बंद झालंय असं समजू नकोस हं. आत चालूच असतं, यांना ऐकू येत नाही एवढंच.

आता जे सांगायला बसले ते सांगते. इतका वेळ इकडचं तिकडचं लिहून झालं.

नाटकावरून आमच्याकडेच जेवायला आले होते सगळे. चेतन, त्याचे आई-वडील. पुरणपोळी केली होती. पल्लवी वाढत होती. चेतनने वर ट्यूबलाइटकडे बोट केलं आणि हसून विचारलं, ‘‘पल्लवी, हाऊ काय शे?’’ मुलगा वाईट नाही गं. गंमत म्हणूनच विचारलं त्याने. आपली पल्लवी म्हणाली, ‘‘ट्यूबलाइट. आणि ती पण फडफडतेय, पप्पांना कधीचं सांगतेय बदला.’’

चेतन हसला. खरंच, मनापासून हसला. मग त्याने बापाकडे पाहिलं. शालिग्रामदादा हसत नव्हते. लगेच त्याचंही हसू गेलं, आणि तो पुन्हा म्हणाला, पण आता वेगळ्या आवाजात, ‘‘नीट सांग. काय शे?’’

मी पोळीवर तूप घालत राहिले. शालिग्रामदादा म्हणाले, ‘‘हेमराजभाऊ, पोरगी हुशार दिसते तुमची.’’ हुशार हा शब्द त्यांनी असा म्हटला की ती शिवी वाटावी. हे माझ्याकडे वळले. ‘‘सांग तुझ्या पोरीला.’’

आणि मी सांगितलं. मी, तुझी लवंगी! म्हटलं, ‘‘म्हण ना बाई, चांद म्हण. काय जातंय तुझं?’’

पल्लवीने माझ्याकडे बघितलं. मग ताटाकडे बघून म्हणाली, ‘‘चांद शे.’’ सगळे हसले. सरलाबाईंनी, म्हणजे चेतनच्या आईने, तिच्या हातात पेढा दिला. साखरपुडा होळीनंतर करायचा होता, तो तिथल्या तिथे या गुरुवारवर आणला. दुसऱ्या दिवसापासून तिचं कॉलेज बंद. आता कशाला, हे म्हणाले. तिचाही फोन यांच्या खिशात गेला. आता दोन फोन वाजतात यांच्या खिशात.

 दोन दिवसांनी भांडी घासताना पोरगी म्हणाली, ‘‘आई, वाडीत मी स्टेजकडे बघतच नव्हते. मी तुझ्याकडे बघत होते. तू हसत होतीस.’’ म्हातारीचंच वाक्य तोंडात आलं. म्हटलं, अगं, शेजारी तुझे पप्पा होते. तर म्हणाली, ‘‘आणि माझ्या शेजारी कोण बसणार आहे, आई?’’

ताई, मी नळ सोडून दिला आणि खूप रडले. पण रडून झाल्यावर पुसलं तोंड आणि विचार केला, तो तुला सांगते. मला इथून उठता येणार नाही. चोवीस वर्षं मी याच खुर्चीत बसलेय, माझे पाय आता तिथेच वळतात. मी निघाले तर हे त्याच संध्याकाळी तुझ्याकडे बारडोलीला येऊन तमाशा करतील, आणि मी त्यांच्या एका हाकेला उठून चपला घालेन. मला माझी खात्री नाही. पण पल्लवीची आहे. चांद म्हणताना तिचा आवाज माझ्यासारखा झाला नव्हता.

तू नवऱ्याचं घर सोडलंस तेव्हा हे म्हणाले होते, त्या बाईचं नाव या घरात नको. त्यामुळे इतकी वर्षं आपण चोरून बोललो, लग्ना-मयतीत भेटलो. आता त्याच गोष्टीचा फायदा झाला बघ, पल्लवी तुझ्याकडे जाईल असं यांच्या डोक्यात पहिल्यांदा येणार नाही. आधी तिच्या मैत्रिणींची घरं पालथी घालतील. एक दिवस तरी मिळेल तुम्हाला.

उद्या रविवार. साखरपुड्याच्या ब्लाउजचं माप द्यायला दोघींनी पर्वत पाटियाला जायची परवानगी मिळाली आहे. शिंप्याकडे आम्ही जाणार नाही. मी तिला बारडोलीच्या बसमध्ये बसवणार आणि एकटी घरी येणार. तिच्या पिशवीत वरती ब्लाउजपीस आहे, त्याच्या खाली मार्कशीट, आधारकार्ड आणि दोन ड्रेस. वीस वर्षांची आहे, तिच्या मर्जीशिवाय तिला कोणी नेऊ शकत नाही, हे तू तिला पुन्हा पुन्हा सांग. तुझ्या वेळी तुला जी वकीलबाई भेटली होती तिच्याकडे सोमवारीच घेऊन जा. पल्लवीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे, परीक्षा बुडू देऊ नकोस. भात फार खाते, ओरडू नकोस.

चेतनला एक निरोप पाठवावा असं मनात होतं. पण बापाकडे बघून हसू गिळणाऱ्या मुलाला काय लिहायचं ते सुचलं नाही.

घरी आल्यावर हे विचारतील, पोरगी कुठे आहे. मी सांगेन, मी पाठवली. पळून गेली असं म्हणणार नाही. मी पाठवली असंच म्हणेन, कारण नाहीतर तिचं नाव खराब होईल. कुठे, ते सांगणार नाही. पुढे काय होईल ते होईल. भीती वाटतेय, ताई. लिहिताना अक्षर कसं येतंय ते तुला दिसतच असेल.

हे पत्र तुला पोस्टाने आलेलं नाही. ज्या पोरीने ते तुझ्या हातात दिलं ती अजून दारातच उभी असेल. बस म्हटल्याशिवाय बसायचं नाही, ही सवय तिला मीच लावली. तू वाचत बसली असशील आणि ती पिशवी धरून उभी. माझं सगळं लिहून झालंय, ताई. कागद खाली ठेव आणि तिला आत घे.

इथेच राहिलेली,
तुझी रंजना