लाल झग्यातला मान

लंडन, मार्च १७३१

प्रिय थिओडोसिया,

खोकला उतरलाय, काळजी नको. धाकटीला दात आले का? तांबडी घोडी व्याली का?

तुझी हौस एकदाची फिटली. काल मला लाल झगा चढवून पार्लमेंटच्या वरच्या सभागृहात नेलं. गुडघे टेकले, वाकून वाकून कंबर धरली, आणि तुझा नवरा लॉर्ड झाला. तिथले म्हातारे जेवण जिरवायला येतात. शेजारचा तर चक्क घोरत होता.

लॉर्ड झालेल्याला खालच्या सभागृहात बसता येत नाही. तिथे मी उभा राहिलो की मंत्र्यांना घाम फुटायचा. मला तुरुंगात टाकलं असतं तर लोक खवळले असते. मान देऊन गप्प बसवलं, तर सगळे अभिनंदन करतात. तू गळ घातलीस म्हणूनच मी हो म्हटलं.

माझ्या रिकाम्या जागेवर तुझा भाऊ ॲम्ब्रोज उभा राहतोय. दारातच भेटला. म्हणाला, "दाजी, फार घसा कोरडा केलात, आता निवांत बसा की!"

आज बग्गीचा रंगारी आला. तिच्या दारावर लॉर्डाचा मुकुट रंगवून तयार आहे म्हणाला.

मी म्हटलं, "इतक्यात?"

"इतक्यात कुठलं, हुजूर? बाईसाहेबांनी नाताळातच सांगून ठेवलं होतं."

लॉर्ड करण्याबद्दल महाराजांचा निरोप मला फेब्रुवारीत आला, थिओडोसिया.

मुकुट सुरेख झालाय. तुझ्या भावालाही दाखव.

लॉर्डाने सही करताना स्वतःचं नाव लिहायचं नसतं, नुसती पदवी लिहायची. तेव्हा या पत्राखाली तुझ्या गिल्बर्टला शोधू नकोस.

विदरकोट