धाकटीची सोबत

२ मार्च
धाकटीने आज सांगून टाकलं. शिखरावर जाणार. साधी सहल नव्हे; बर्फ, दोर, तंबू, सगळं. नवरा गेल्यापासून मनात होतं म्हणे. ड्रायक्लीनिंगचं दुकान महिना-दीड महिना मुलीवर सोपवणार. मी विचारलं, वय काय तुझं? ती म्हणाली, ताई, तुझ्याहून सहाने कमी. याला उत्तर म्हणत नाहीत.
जेवताना विचार केला. तिला एकटीला सोडणं बरोबर नाही. मी तीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते; माणसं सांभाळणं मला नवीन नाही. सोबत म्हणून जाणार. शिखराचं मला काही नाही, ते तिचं.
तिला सांगितलं. आनंदाने बराच वेळ बोललीच नाही.

११ मार्च
तयारी सुरू. धाकटी सकाळी सॅकमध्ये विटा भरून मैदानाला फेऱ्या मारते. मी बाकावर बसून तिची चाल तपासते. ती पोक काढून चालते. उद्यापासून मीही चालणार.

१९ मार्च
उद्यापासून नक्की. आज बूट सैल करायचे होते.

६ एप्रिल, पायथ्याचा तळ
टीम भेटली. गाइड, आचारी आणि दोन मदतनीस. दाढीवाला माझ्यासाठी, लंबू धाकटीसाठी. शिस्त नावाला नाही. हजेरी घेतली. आचाऱ्याला भांडी पालथी ठेवायला सांगितलं, लंबूला शर्ट खोचायला लावला. गाइड म्हणाला, मॅडम, इथे थोडं आमचं ऐकावं लागतं. मी म्हटलं, ऐकेन की, मुद्द्याचं असेल तर. धाकटी तोंड फिरवून हसत होती. तिला वेगळी समज देईन.
निश्चय: आपली सॅक आपल्या पाठीवर. कुणाचा हात धरायचा नाही.

८ एप्रिल
सॅक दाढीवाल्याला दिली. सगळं आपणच उचललं तर तो बिचारा आला कशाला? पाण्याची बाटली मात्र माझी मीच.

९ एप्रिल
बाटलीही दिली. हात मोकळे असले की सूचना नीट देता येतात.
धाकटी आणि लंबू फार पुढे जातात. तिला सारखी हाक मारून थांबवावं लागतं. नाहीतर दमली असती. ती दर वेळी थांबते आणि लंबूला काहीतरी सांगते, मग दोघं हसतात. कशाला, ते कळत नाही.

१३ एप्रिल, वरचा तळ
डोकं ठणकतंय. सूप पोटात राहिलं नाही, आचाऱ्याची चूक. बूट माझे मीच घातले. पाय तेवढे दाढीवाल्याने आत सरकवले. नाड्याही त्यानेच बांधल्या.
धाकटीने सूप संपवून आणखी मागितलं. खादाडपणा लहानपणापासून आहे. नंतर तंबूच्या दारात बसून वर बघत राहिली. मी वाऱ्यावर बसण्याचे तोटे समजावत होते. ती म्हणाली, ताई, जरा गप्प बस ना गं. एकदा नीट बघू दे मला.

१५ एप्रिल, शेवटचा तळ
उद्या चढाई. हवा एकच दिवस चांगली राहील, मग बिघडणार. पुन्हा संधी नाही. गाइड स्वतः दोर लावत पुढे असणार. नियम त्याने परत सांगितला: प्रत्येकीमागे एक माणूस हवाच, माणसाशिवाय कुणी वर पाऊल टाकायचं नाही. चोख नियम. मीही असाच केला असता.
धाकटीला म्हटलं, तुला झेपलं नाही तर लाज वाटून घेऊ नकोस. मी आहे.

१६ एप्रिल, संध्याकाळ
शिखर सर! मी केलं.
सविस्तर लिहून ठेवते. तळाच्या वरच्याच चढावर माझे पाय जरा ऐकेनासे झाले. गाइड म्हणाला, मॅडम, तुम्ही आता परत फिरा. मी म्हटलं, परत फिरणं मला जमत नाही. तो म्हणाला, मग तुम्हाला दोन माणसं लागतील, एक ओढायला, एक ढकलायला. आणि मग तुमच्या बहिणीला इथूनच परत जावं लागेल.
सगळे माझ्याकडे बघत होते. मी चष्मा पुसत होते. एकदा पुसला की पुन्हा धुकं धरायचं. बराच वेळ पुसला.
धाकटी म्हणाली, ताईला न्या.
आवाज थकलेला होता, मी लगेच ओळखलं. शाबास, म्हटलं, शहाणी आहेस. आचारी तिला घ्यायला तळावरून वर आला.
पुढून दाढीवाला दोर ओढत होता, मागून लंबू खांदा लावत होता. पावलं मात्र माझी. माथ्यावर पोचल्यावर दोघांना फोटोच्या बाहेर उभं राहायला सांगितलं. फोटोत माझ्या कॉलरवर एक हातमोजा आला आहे. कापता येईल.
वरून तळ दिसतो. तंबूबाहेर एक लाल ठिपका होता. धाकटीचं जॅकेट लाल आहे. चष्म्यावर धुकं होतं. नक्की सांगता येत नाही.

१७ एप्रिल
हवा बिघडली. धाकटी गप्प. उंचीचा त्रास. लंबू तिच्यासाठी चहा घेऊन गेला आणि तिच्याजवळच बसला. मला चहा गार मिळाला. लंबूला शर्ट खोच म्हटलं, त्याने ऐकलंच नाही.

२ मे
दहा तारखेला वसतिगृहात माझा सत्कार. भाषणाचा विषय मीच सुचवला: स्वावलंबन. फोटो कापून घेतला. हातमोजा गेला, त्याबरोबर माझा एक कानही गेला.
भाचीने विचारलं, मावशी, आईला तिथे झालं काय? ती काही सांगत नाही. मी म्हटलं, दम लागला तिला. भाची म्हणाली, आईला? आणि जरा जास्तच वेळ माझ्याकडे बघत राहिली. हल्लीच्या मुलींना मोठ्यांकडे बघायचं वळण नाही.
धाकटीसाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवायला सांगितली. तेवढा मान तिचा आहे.

१० मे, संध्याकाळ
भाषण उत्तम. मुली शांत. शेवटी एकीने हात वर केला. म्हणाली, मॅडम, तुमच्या बहीण का नाही पोचल्या वर?
सोपा प्रश्न. उत्तर तयार होतं. पण धाकटी अगदी समोर. तोंड उघडलं, आवाज आला नाही. माईक बिघडला असावा.
धाकटी खुर्चीतूनच म्हणाली, अगं, मला दम लागला होता. आणि हसली. टाळ्या पडल्या.
पुढे आभार मानणारीने तोच माईक घेतला. व्यवस्थित चालत होता.

१० मे, जेवणानंतर
आणखी थोडं राहिलं.
घरी परत आलो तर लिफ्ट बंद. धाकटीने पुष्पगुच्छ, मानचिन्ह, माझी पर्स, सगळं घेतलं आणि वर गेली. मी दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसले. भाषणाचा शीण. वर, चौथ्यावर, तिने कुलूप काढल्याचा आवाज आला. मग ती परत खाली आली आणि एका दमात म्हणाली, ऊठ ताई, भात गरम करायला ठेवलाय, करपेल, आणि ते मानचिन्ह टीव्हीवर मावत नाही, कपाटावर ठेवू का?
श्वास लागलेला नव्हता. जरासुद्धा नाही. मी बघत राहिले. तिला कळलं मी काय बघतेय ते. तिने नजर दुसरीकडे नेली. माझ्यासाठी.
मी विचारलं, पुन्हा जाशील?
म्हणाली, जाईन की. पुढच्या वर्षी. गाइडशी बोलले आहे.
मी म्हटलं, मग सोबत म्हणून मी...
तिने पुरं होऊ दिलं नाही. ताई, तू नको गं, म्हणाली. रागाने नव्हे. मुली सुट्टी मागायला माझ्या दारात यायच्या, तशी.
मी बरं म्हटलं.
अजून दोन मजले होते. तिने मागे येऊन माझ्या पाठीला हात लावला आणि ढकलायला लागली. मी नको म्हटलं नाही.