महाधिवक्तापद आणि फुलाबाईची याचिका

जुळे सोलापूर,
९ फेब्रुवारी २०२६

चि. सिद्धेश्वरीस, अ. उ. आ.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. राज्याच्या महाधिवक्तापदासाठी तुझं नाव चाललंय, असं राजशेखरकाका सांगत आले, ते पेढे घेऊनच. मी पेढे झाकून ठेवले. एवढ्या मोठ्या पदाला काय काय लागतं, असं विचारलं, तर त्यांनी मोबाइलवर वाचून दाखवलं. उच्च न्यायालयात दहा वर्षं वकिली हवी. तुझी एकोणीस झाली. मग काळजी कसली, म्हणाले.

पण काल सांगोल्याहून फुलाबाई आली. तिच्या वस्तीच्या पाण्याची याचिका तू सरकारविरुद्ध लढतेस ना, तीच. ओटीत डाळिंबं घेऊन आली होती. खुर्चीवर बस म्हटलं तरी खालीच बसली आणि म्हणाली, “बाई सरकारच्या वकील झाल्या तर झ्याकच हाय की. पर मग आमच्या बाजूनं कोण बोलनार?”

तुला विचारून सांगते, म्हटलं. काल धड जेवण गेलं नाही. काय ते कळव. जेवणाच्या वेळा पाळ. आईची माया आहेच, ती सांगायला नको.

तुझी,
अव्वा


कोल्हापूर,
१४ फेब्रुवारी २०२६

ती. अव्वास, शि. सा. नमस्कार.

काकांनी वाचलं ते बरोबर आहे. जो उच्च न्यायालयाचा न्यायाधीश व्हायला पात्र, तो याही पदाला पात्र. कायदा त्यापुढे काही विचारत नाही. फुलाबाईनं विचारलं ते मात्र मलाही टोचतंय.

पद घेतलं की तिची याचिका सोडावी लागेल. तिच्याविरुद्ध मी उभी राहणार नाही, पण माझ्याच हाताखालचे वकील उभे राहतील. मार्चमधली सुनावणी होईपर्यंत थांबा, अशी विनंती मी सरकारला केली. इतकं थांबता येणार नाही, असं उत्तर आलं. महिनाअखेर हो की नाही सांगायचंय. माझी ज्युनिअर शिवानी हुशार आहे, पण ही याचिका तिनं कधी हाताळलेली नाही.

अव्वा, मला ते पद हवंय. तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? झोप येत नाही. तू सांगशील तसं करते. गोळ्या चुकवू नकोस. काका चुगली करतात. तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझी,
सिद्धेश्वरी


जुळे सोलापूर,
१९ फेब्रुवारी २०२६

चि. सिद्धेश्वरीस, अ. उ. आ.

तू सांगशील तसं करते, हे वाक्य मला आवडलं नाही. नको म्हटलं, तर जन्मभर मनात ठेवशील. घे म्हटलं, तर फुलाबाई पुन्हा दारात आल्यावर मी तिच्याकडे कशी बघू? तेव्हा हा निर्णय तुझा तू घे, त्याला माझं नाव लावू नकोस. काहीही ठरवलंस तरी घरी ये, भाकरी आणि शेंगाचटणी तयार आहे. रागावली नाहीये, घाबरलेय एवढंच. जपून राहा.

तुझी,
अव्वा


कोल्हापूर,
२५ मार्च २०२६

ती. अव्वास, शि. सा. नमस्कार.

मी पदाला नकार कळवला. त्या दिवशी ऑफिसचं दार लावून रडले. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचं नाव जाहीर झालं. काकांनी माझ्याशी बोलणं टाकलंय, ते तुलाही कळलं असेलच.

काल सुनावणी झाली. सरकारी वकिलांनी आणखी मुदत मागितली, न्यायमूर्तींनी दिली नाही. एप्रिल संपायच्या आत वस्तीवर नळाला पाणी आलं पाहिजे, तोवर रोज टँकर, असा आदेश झाला. फुलाबाईला इंग्रजी कळलं नाही. मी मराठीत सांगितलं, तरी तिनं दोनदा विचारून खात्री केली.

मी काय सोडलं, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. बाहेर पायरीवर बसून तिनं डबा उघडला, अर्धी भाकरी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “आमचं काम झालं. आता व्हा की तुमी सरकारच्या वकील.”

मी बरं म्हटलं आणि भाकरी खाल्ली.

रविवारी घरी येते. तोवर लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
सिद्धेश्वरी