सहा आठवड्यांच्या आत की नंतर

२७ जानेवारी १९४६, औंढा
काल हैदराबादेहून परत. गाठीपायी डावा स्तन काढला त्याला एकोणीस दिवस झाले. हात वर जात नाही. वेणी ह्यांनी घातली, वाकडी. निघताना नर्सबाई म्हणाली, सहा आठवड्यांनी विजेच्या (एक्स-रेच्या) शेकाला या. हे म्हणतात, "सहा आठवड्यांत" म्हणाली. मी तर "नी" ऐकलं.

३० जाने.
काखेपाशी पाणी येतंय. शेजारची रबियाबी पट्टी बदलते, हात हलका आहे तिचा. "कच्च्या जखमेला कायचा शेक, बाई? पैले सुकू तर द्या." बराबर वाटलं.

४ फेब्रु.
हिंगोलीच्या डॉ.ना हैदराबादच्या दवाखान्याची इंग्रजी चिठ्ठी दाखवली. सहा आठवड्यांच्या आत, असंच लिहिलंय. म्हणजे १९ तारीख. मग जखम पाहून म्हणाले, ओली आहे, इतक्यात जाऊ नका. "मग मी दोन्हीतलं कोणतं ऐकू?" ते हात धुवायला उठले. म्हणाले, हैदराबादेला विचारा. ह्यांनी तिथंच पत्र लिहून टाकलं.

१० फेब्रु.
कुसुम सोळाला येतेय. लेकीचं पहिलं बाळंतपण, महिनाअखेर दिवस भरतात. शेकाला गेले तर तीन आठवडे तिकडंच. तिला गळू कापलं एवढंच कळवलंय.

१४ फेब्रु.
हैदराबादेहून उत्तर नाही. उशीर झाला तर काय होतं, ते कुणी बोलत नाही. मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण

१६ फेब्रु.
कुसुम आली. जवळ घेताना मी उजवी बाजू पुढं केली, तरी तिला कळलं. "गळू एवढं असतंय का, आई?" सगळं सांगितलं. "काहून लपवलंस?" पुढं म्हणाली, "तू जा. सुईण आहे, रबियामावशी आहे." मी न्हाई म्हटलं. मग म्हटलं, बघू.

१८ फेब्रु., दुपार
पट्टी सोडली. रबियाबी म्हणते सुकली. मला कडेला ओल दिसते, ह्यांना दिसत नाही. हिंगोलीहून रेल्वेगाडी उद्या सकाळची. हे म्हणाले, "तिथं जाऊनच विचारू. परत पाठवलं तर परत येऊ." एवढं सोपं असतं तर.
कुसुमची कंबर सकाळपासून दुखतेय. म्हणते, प्रवासानं. पोटावर हात ठेवून पाहिला. टणक लागलं, मग सैल झालं. कळा अशाच सुरू होतात.
हे दारात उभे आहेत. हिंगोलीच्या मोटारीत जागा धरू का, विचारतात. दोनदा विचारून झालं.